अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात कॅड शिकताना

महाराष्ट्रातून बीई, डिप्लोमा नाहीतर आयटीआयचा ड्राफ्ट्समन ट्रेड करून अमेरिकेत आलेल्या माणसाला कम्युनिटी कॉलेजातला कॅडचा, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढण्याचा, पहिला कोर्स सोपा वाटतो, आणि नेमके तिथेच मार्क जातात. कमांड पाठ असतात. चुकतं ते ड्रॉइंग. व्ह्यू उलट्या बाजूला, फुटांच्या जागी इंच, आणि छापलेल्या कागदावर स्केलपट्टी ठेवली की काहीच जुळत नाही. ज्यांनी आयुष्यात मिनी ड्राफ्टर (ड्रॉइंग बोर्डावर रेघा मारायचं साधन) पाहिला नाही त्यांना निदान विसरण्यासारखं काही नसतं. पुढची माहिती दोघांसाठीही आहे, प्रवेशापासून पहिल्या सबमिशनपर्यंत.

आधी व्हिसा पाहा

एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदारावर अवलंबून आलेल्या, जोडीदाराला शिकण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. एक कोर्स घ्या किंवा पूर्णवेळ शिका, दोन्ही चालतं. नोकरी मात्र ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात आल्याशिवाय नाही, आणि त्यासाठी अर्ज करता येतो तो साधारणपणे एच-१बी जोडीदाराचा आय-१४० (ग्रीनकार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर झाल्यावर. हा नियम मे २०१५ पासूनचा. म्हणून ज्या अभ्यासक्रमात पगारी इंटर्नशिप किंवा 'को-ऑप' सक्तीचं आहे, त्यात नाव घालण्याआधी तिला पर्यायी कोर्स आहे का हे विचारून घ्या. एल-२ जोडीदाराच्या (कंपनीने एल-१ वर बदली केलेल्याच्या) आय-९४ या प्रवेश-नोंदीवर 'एल-२एस' असं असेल तर नोकरीसाठी वेगळ्या ईएडीची गरज नाही. एफ-२, म्हणजे विद्यार्थ्याच्या, जोडीदाराला फक्त अर्धवेळ शिकता येतं.

भारतातून थेट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दर सेमिस्टरला पूर्णवेळ, म्हणजे सहसा १२ क्रेडिट घ्यावे लागतात आणि त्यांत ऑनलाइन कोर्स एकच, किंवा तीन क्रेडिटपर्यंतच, धरला जातो. कॅडचे बरेच कोर्स आता ऑनलाइन असतात, त्यामुळे हे गणित जमवताना दमछाक होते. दुसरं असं, की असोसिएट डिग्रीनंतर १२ महिन्यांची ओपीटी (शिक्षणानंतर काम करण्याची मुभा) मिळू शकते, पण स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांची) २४ महिन्यांची मुदतवाढ मिळत नाही; तिला किमान बॅचलर डिग्री लागते.

कोणतं कॅड?

'कॅड शिकायचंय' हे वाक्य 'स्वयंपाक शिकायचाय' इतकंच मोघम आहे. कॉलेजात साधारण तीन वाटा असतात. आर्किटेक्चरल वाटेवर ऑटोकॅड आणि रेव्हिट ही सॉफ्टवेअर. मेकॅनिकलवर सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर किंवा क्रिओ. सिव्हिलवर ऑटोकॅड, सिव्हिल थ्रीडी आणि थोडं सर्व्हे. पहिला कोर्स बहुतेक ठिकाणी तिघांना सामाईक असतो, तेव्हा पहिल्या दिवशी ठरवलं नाही तरी चालतं. दुसऱ्या सेमिस्टरच्या आत मात्र ठरवावं लागतं.

ठरवण्याची खात्रीची रीत अशी: घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरातल्या ड्राफ्टर, डिझायनर आणि बीआयएम (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करणाऱ्या) टेक्निशियनच्या ३०-४० जाहिराती काढा आणि कोणतं सॉफ्टवेअर किती वेळा आलं याच्या काड्या मारा. तुमच्या गावात रेव्हिटच्या २५ जाहिराती आणि क्रिओच्या दोन असतील, तर मेकॅनिकलची बीई पदवी असूनही रेव्हिट शिकणं शहाणपणाचं. मेकॅनिकलवाल्यांनी आणखी एक पाहावं. विमान आणि संरक्षण क्षेत्रातल्या बऱ्याच जाहिरातींत इटार या निर्यात-नियंत्रण नियमांमुळे 'यूएस पर्सन' हवा असतो. त्यात नागरिक आणि ग्रीनकार्डधारक बसतात; एच-४ ईएडी बसत नाही. ज्या भागात असेच कारखाने जास्त, तिथे सॉलिडवर्क्सचं कितीही चांगलं प्रमाणपत्र असलं तरी दार बंदच.

सर्टिफिकेट की डिग्री? भारतातली पदवी असेल तर सर्टिफिकेट घ्या. असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्सला साधारण ६० क्रेडिट लागतात, आणि त्यातला एक वाटा इंग्रजी रचना, मानसशास्त्र वगैरे सर्वसाधारण विषयांचा. पदवीधराला ते पुन्हा करण्यात अर्थ नाही. बारावीनंतर आलेल्या मुलांसाठी डिग्री ठीक. पण पुढे विद्यापीठात इंजिनिअरिंगला जायचं असेल तर 'अप्लाइड' हा शब्द खटकला पाहिजे. त्या डिग्रीचे क्रेडिट विद्यापीठं अनेकदा धरत नाहीत. ट्रान्सफरसाठी वेगळा अभ्यासक्रम असतो, तो काउन्सेलरकडून लिहून घ्यावा.

अर्ज, नाव आणि फी

फॉर्म भरताना पहिली अडचण नावाची. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आणि लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर तिसराच प्रकार. कॉलेजच्या नोंदीत पासपोर्टप्रमाणेच नाव द्या. ऑटोकॅड आणि रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कचं मोफत विद्यार्थी लायसन्स घेताना कॉलेजचं कागदपत्र तपासलं जातं. खात्यावरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं नाही की अर्ज अडकतो, आणि तोवर दुसरी असाइनमेंट येऊन ठेपलेली असते.

फी राहण्याच्या पुराव्यावर ठरते. कॅलिफोर्नियात रहिवाशांना एका सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर पडतात, क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात एका युनिटला ३१. रहिवासी नसाल तर कित्येक पट जास्त. तिथे साधारण एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा लागतो, आणि एच-४ वाल्यांना तो देता येतो. एफ-१ वाल्यांना नाही. टेक्सास, इलिनॉयसारख्या राज्यांत याशिवाय कॉलेजच्या जिल्ह्यात राहता की बाहेर, यावरही दर बदलतो. म्हणून पत्ता आल्याबरोबर लीजवर, वीजबिलावर आणि बँकेत दोघांचंही नाव घाला. फक्त नवऱ्याच्या नावावर सगळं असलं की बायकोला वर्षभराने पुरावा गोळा करताना नाकी नऊ येतात. सरकारी मदत, म्हणजे फाफ्सा हा फॉर्म भरून मिळणारी, ग्रीनकार्डावर मिळू शकते; एच-४ आणि एफ-१ वर नाही.

क्वार्टर आणि सेमिस्टरचा हिशेब एकदा समजून घ्या: दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. क्वार्टर साधारण १२ आठवड्यांचं असतं, त्यामुळे आठवडाभर ताप आला तरी झळ जास्त बसते.

भारतातल्या मार्कशीटचं मूल्यांकन विषयवार करून घ्या. त्यातून गणिताची पूर्वअट सुटते आणि काही सर्वसाधारण विषय सुटतात. कॅडच्या कोर्सचे क्रेडिट सहसा मिळत नाहीत. पहिला कोर्स टाळायचा असेल तर परीक्षा देऊन क्रेडिट मिळतं का हे विचारा. पण खरं सांगायचं तर तो टाळू नये, आणि त्याचं कारण पुढे येतंच आहे.

वर्ग सुरू होताना पहिल्या दिवशी हजर राहा. गैरहजर विद्यार्थ्याचं नाव कापून वेटलिस्टवरच्याला जागा देतात. कोर्स सोडायचा झाला तर दोन तारखा वेगळ्या असतात: पहिलीपर्यंत फी परत मिळते, दुसरीपर्यंत नापास न लागता 'डब्ल्यू' (कोर्स सोडल्याची नोंद) लागतो. दोन्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा. केटी ही सोय इथे नाही; पुढच्या कोर्सला मागच्यात किमान 'सी' ग्रेड लागतो, आणि तो नसेल तर पूर्ण कोर्स पुन्हा, फीसकट.

मशीन

विंडोज घ्या. ऑटोकॅडची मॅकसाठी आवृत्ती आहे, पण तिचा मेनू पुस्तकाशी जुळत नाही. रेव्हिट, इन्व्हेंटर आणि सॉलिडवर्क्स मॅकवर थेट चालतच नाहीत. रॅम १६ जीबी किमान, रेव्हिट किंवा मोठ्या असेंब्लीसाठी (अनेक पार्ट जोडलेल्या मॉडेलसाठी) ३२. वेगळं ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी. आणि चाक असलेला साधा तीन बटणांचा माउस. टचपॅडवर कॅड करणं म्हणजे उचटण्याशिवाय पोळ्या भाजणं. चाक दाबून पॅन (चित्र सरकवणं) आणि दोनदा दाबून झूम एक्स्टेंट्स (पूर्ण ड्रॉइंग पडद्यावर), हे हाताला सवयीचं झालं की वेग दुप्पट होतो.

लॅबमधल्या मशीनवर काही ठेवू नका. लॉगआउट झालं की त्या बऱ्याचदा कोऱ्या होतात.

इथल्या ड्रॉइंगची भाषा

व्ह्यू कागदावर कुठे मांडायचे याच्या दोन पद्धती आहेत. भारतात एसपी ४६ या भारतीय मानकाप्रमाणे फर्स्ट अँगल शिकवतात: एलिव्हेशनच्या (समोरून दिसणाऱ्या व्ह्यूच्या) खाली प्लॅन (वरून दिसणारा), डावीकडून पाहिलेला व्ह्यू उजवीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल: प्लॅन वर, उजवीकडून पाहिलेला व्ह्यू उजवीकडेच. वस्तू काचेच्या पेटीत ठेवली आहे आणि पेटीच्या बाजू उलगडल्या आहेत, अशी कल्पना केली की पाठांतर लागत नाही. शीटवर कापलेल्या शंकूचं चिन्ह असतं. त्यातली वर्तुळं शंकूच्या अरुंद तोंडाकडे असतील तर थर्ड अँगल, रुंद तोंडाकडे असतील तर फर्स्ट. चौकोनी ठोकळ्यात चूक झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण एकाच बाजूला खाच असलेल्या भागात ती खाच उलट्या बाजूला कापली जाते आणि नग भंगारात जातो. पुण्यात अमेरिकी कंपन्यांची ड्रॉइंग करणाऱ्या ऑफिसात काम केलेल्यांना हे ठाऊक असतं. बाकीच्यांनी पहिले दोन आठवडे प्रत्येक व्ह्यूच्या आधी पेटी मनात उलगडावी.

मग मापं. गावाकडच्या सुताराला एक सूत म्हणजे १/८ इंच हे माहीत असतं, आपण ते शाळेत विसरून येतो. इथे आर्किटेक्चरल ड्रॉइंग फूट-इंच-अपूर्णांकात, मेकॅनिकल दशांश इंचात, सिव्हिल दशांश फुटात. तीन शाखांची तीन एककं, आणि गोंधळ त्यांच्या सीमेवर होतो. आर्किटेक्टच्या फाइलमध्ये एक युनिट म्हणजे एक इंच, सिव्हिलच्या फाइलमध्ये एक फूट. बिल्डिंगचा प्लॅन साइट प्लॅनवर आणला की तो १२ पट मोठा किंवा १२ पट लहान येतो. असं झालं तर हाताने ताणून बसवू नका. फाइलीचं एकक सांगणाऱ्या 'इनसयुनिट्स' या व्हेरिएबलची किंमत दोन्ही फाइलींत पाहा. इंचासाठी १, फुटासाठी २, मिलिमीटरसाठी ४, मीटरसाठी ६. ती चुकीची असेल तर दुरुस्त करून पुन्हा आणा. २५.४ पटीचा फरक दिसला तर दोष मिलिमीटर आणि इंचाचा.

सिव्हिलवाल्यांसाठी फुटाचेही दोन प्रकार आहेत. आंतरराष्ट्रीय फूट ०.३०४८ मीटर, आणि जुना सर्व्हे फूट १२००/३९३७ मीटर. फरक दहा लाखात दोन इतकाच. पण राज्याच्या कोऑर्डिनेट पद्धतीत एखादा बिंदू २०,००,००० फुटांवर असतो, तिथे तो फरक चार फूट होतो, आणि चार फुटांत गटार शेजाऱ्याच्या हद्दीत जातं. सर्व्हे फूट २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे निवृत्त झाला, जुन्या ड्रॉइंगमध्ये मात्र तो आहेच.

५ फूट साडेसहा इंच टाइप करायचे तर ५'६-१/२ असं लिहा. इंच आणि अपूर्णांक यांच्या मध्ये हायफन हवा. तिथे स्पेस दिली की ऑटोकॅड तिला एंटर समजतं आणि ५'६ वरच रेघ थांबते. पडद्यावर मात्र तेच माप ५'-६ १/२" असं दिसतं, म्हणून नवखा माणूस दिसतं तसं टाइप करतो आणि फसतो.

मेकॅनिकल ड्रॉइंगमध्ये शून्य हा शोभेचा आकडा नाही. टायटल ब्लॉकमध्ये (कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) बहुधा टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालेल ते, लिहिलेलं असतं: दोन दशांश स्थळांना अधिक-उणे .०१ आणि तीन स्थळांना .००५. म्हणजे .५० आणि .५०० ही दोन वेगळी मापं झाली, दुसरं महागडं. इंचाच्या मापात दशांश चिन्हाआधी शून्य लिहीत नाहीत. मिलिमीटरमध्ये लिहितात आणि शेवटची अनावश्यक शून्यं गाळतात. इंचासाठी डायमेन्शन स्टाइलच्या प्रायमरी युनिट्समध्ये 'लीडिंग' वर टिक आणि 'ट्रेलिंग' वरची टिक काढलेली, एवढं एकदा लावून टेम्प्लेटमध्ये जतन करा. आटेही वेगळे: १/४-२० म्हणजे पाव इंच व्यास आणि इंचाला २० आटे, एम६ च्या जवळचा दिसतो, पण एकमेकांत बसत नाहीत.

घराच्या ड्रॉइंगमध्ये भिंत २३० मिलिमीटर विटेची नसते. लाकडी सांगाडा असतो, आणि ज्याला टू-बाय-फोर म्हणतात ते लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच. दोन्ही बाजूंना अर्धा इंच जिप्सम बोर्ड धरला तर आतली भिंत साडेचार इंच. खांब मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर. दरवाजावर ३०६८ लिहिलं असेल तर तो ३ फूट ० इंच रुंद आणि ६ फूट ८ इंच उंच.

प्रत्येक ड्रॉइंग सुरू करताना

१. टेम्प्लेट निवडा. इंचासाठी 'एकॅड', मिलिमीटरसाठी 'एकॅड-आयएसओ'. चुकीचं घेतलं की हॅच (आकारात भरलेली रेघांची नक्षी) काळा ठिपका होऊन बसतो किंवा तुटक रेघा अखंड दिसतात, आणि लोक तासभर एलटीस्केलशी (तुटक रेघांच्या स्केलशी) झुंजतात. मुळात 'मेझरमेंट' व्हेरिएबल पाहा: इंचाला ०, मेट्रिकला १.

२. मॉडेल स्पेसमध्ये (चित्र काढायच्या जागेत) सगळं खऱ्या मापात काढा, १:१. ४० फुटांचं घर ४० फुटांचंच. स्केल लेआउटमधल्या (छापायच्या कागदावरच्या) व्ह्यूपोर्टला, म्हणजे मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीला, द्यायचं असतं.

३. लेअर आधी बनवा. आर्किटेक्चरलमध्ये ए-वॉल, ए-डोअर, ए-अॅनो-डिम्स अशा नॅशनल कॅड स्टँडर्डच्या नावांची सवय लावा. रंग आणि रेघेचा प्रकार 'बाय-लेअर' ठेवा. ब्लॉकच्या (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार चित्राच्या) आतलं चित्र शून्य लेअरवर काढलं की तो जिथे ठेवाल त्या लेअरचे गुण घेतो.

४. ऑब्जेक्ट स्नॅप (रेघेचं टोक अचूक पकडणारी सोय) चालू आहे ना ते पाहा; नसेल तर एफ३ दाबा. नजरेने जोडलेले कोपरे पडद्यावर जुळलेले दिसतात. हजार पट झूम केलं की फट दिसते. हॅच भरत नाही किंवा क्षेत्रफळ निघत नाही, तेव्हा दहांतल्या नऊ वेळा दोष याच फटीचा.

डायमेन्शनचा आकडा हाताने बदलणं हा सर्वांत मोठा गुन्हा. माप १०'-० १/८" दाखवत असेल तर रेघ चुकली आहे. आकड्यावर १०'-०" टाइप करून ती लपते, पण पुढे कुणीतरी त्या रेघेवरून मोजतो. मास्तर अशा मापावर क्लिक करतात आणि पूर्ण प्रश्नाचे मार्क कापतात. डायमेन्शन एक्सप्लोड करण्याचंही (फोडून सुट्या रेघा करण्याचंही) तेच.

कागदावर आणि सबमिशनला

पाव इंचाला एक फूट म्हणजे १:४८. अष्टमांश इंचाला एक फूट म्हणजे १:९६. व्ह्यूपोर्टला स्केल दिलं की लगेच त्याचं कुलूप लावा, नाहीतर माउसचं चाक फिरलं की स्केल गेलं. कागद ए३-ए१ नसतो: मेकॅनिकलला एएनएसआय 'बी' म्हणजे ११ बाय १७ इंच, आर्किटेक्चरलला आर्क 'डी' म्हणजे २४ बाय ३६. लेआउटमधून प्लॉट करताना स्केल १:१ ठेवा. 'फिट टू पेपर'ची टिक राहिली तर चित्र सुंदर येतं आणि स्केलपट्टी कुठेच लागत नाही. प्लॉट स्टाइल 'मोनोक्रोम' घ्या; काळ्या पडद्यावर ठसठशीत दिसणारी पिवळी रेघ पांढऱ्या कागदावर नाहीशी होते. तुटक रेघा मॉडेलमध्ये दिसतात पण लेआउटमध्ये अखंड होतात, तर पीएसएलटीस्केल १ करून 'रीजेन ऑल' द्या.

फाइल देण्याआधी 'ओव्हरकिल' चालवा, एकावर एक बसलेल्या रेघा जातात. मग चुका दुरुस्त करणारं 'ऑडिट', मग न वापरलेलं काढून टाकणारं 'पर्ज'. एक्सरेफ (जोडलेल्या दुसऱ्या फाइली) असतील तर त्यांचे पाथ रिलेटिव्ह करा आणि 'ई-ट्रान्समिट'ने झिप बनवा. नुसती मुख्य फाइल अपलोड केली तर मास्तरांच्या मशीनवर रिकामी चौकट उघडते आणि तुम्हाला शून्य मिळतं, ड्रॉइंग उत्तम असूनही. सॉलिडवर्क्समध्येही हाच सापळा: असेंब्लीच्या फाइलमध्ये पार्ट नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. 'पॅक अँड गो' वापरा, आणि पार्टचं नाव विंडोजच्या फोल्डरमधून बदलू नका, पत्ता तुटतो. रेव्हिटमध्ये नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि मागे नेताही येत नाही. घरी कॉलेजच्याच आवृत्तीचं रेव्हिट टाका.

मशीन बंद पडली तर फोल्डरमधल्या फाइलच्या नावातलं .बीएके बदलून .डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या फाइलचं टोक) करा, आधीचं जतन केलेलं काम परत मिळतं. ऑटोसेव्हचं अंतर ५ मिनिटं ठेवा.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला काचेखाली बल्ब लावून शीट उतरवायची, ती 'जीटी', इथे करू नका. डीडब्ल्यूजीमध्ये 'टाइम' कमांड दिली की फाइल कधी जन्मली आणि तिच्यावर एकूण किती मिनिटं काम झालं ते दिसतं. सहा तासांचं ड्रॉइंग चार मिनिटांत झालेलं असेल तर पुढचं पत्र डीनकडून येतं. मित्राला फाइल 'फक्त बघायला' दिली तरी शिक्षा दोघांना.

थ्रीडीला लागताना

सॉलिडवर्क्सच्या स्केचमध्ये निळी रेघ मोकळी असते, काळी पूर्ण बांधलेली. सगळ्या रेघा काळ्या झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि स्केच ओरिजिनशी (शून्यबिंदूशी) बांधा. निळ्या रेघा ठेवून केलेला भाग आज बरोबर दिसतो, पण एक माप बदललं की भोक प्लेटच्या बाहेर जातं. शेवटच्या परीक्षेत नेमकं हेच विचारतात: मॉडेल तयार, आता रुंदी .७५० वरून १.२५० करा आणि वजन सांगा.

सेमिस्टर संपण्याआधी

नोकरीच्या मुलाखतीत ड्रॉइंग मागतात, मार्कशीट क्वचितच. चार-पाच शीट पुरेत: एक फ्लोअर प्लॅन आणि त्याचा सेक्शन, किंवा एक मशीन केलेला भाग टॉलरन्ससकट आणि एक असेंब्ली पार्ट लिस्टसह. मास्तरांनी लाल केलेल्या दुरुस्त्या करून मगच पीडीएफ काढा. विद्यार्थी लायसन्स एक वर्षाचं असतं, विद्यार्थी असाल तोवर नूतनीकरण होतं, आणि त्यावर पैसे घेऊन कुणाचंही काम करता येत नाही, नातेवाइकाच्या घराचं परमिट ड्रॉइंगसुद्धा नाही. कॉलेजचं खातं बंद होण्याआधी सगळ्या फाइली स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवा; रेव्हिट आणि सॉलिडवर्क्सच्या फाइलींबरोबर पीडीएफही ठेवा, कारण लायसन्स संपल्यावर उघडेल ती पीडीएफच.